इंदूचा स्नो

पिकलेल्या भिरंडांचा वास आंबट असतो, असे ज्यांनी ज्यांनी लिहून ठेवले आहे, त्यांनी तो कधी घेतलेला नाही. झाडाखाली पडून दुपारच्या उन्हात फुटलेल्या भिरंडाला गोड वास येतो, किंचित माजलेला, पाणी सुटलेल्या गुळासारखा. आंबटपणा जिभेला कळतो, नाकाला नव्हे. शहरातले लोक ज्याला कोकम म्हणतात, तेच हे फळ. वैशाख लागला की जोयडा तालुक्याच्या रानात ही झाडे लाल होतात आणि आमच्या रामनगरच्या अंगणाअंगणांत फोडलेल्या फळांचा पसारा पडतो. साली एकीकडे, बिया एकीकडे. सालींची सोले होतात, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर जो स्निग्ध थर येतो, तो निवत असताना मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. ते मुठेल. पांढरट, टणक, नखाने खरवडले तर भुगा पडणारे आणि तळहातावर ठेवले की हळूहळू विरघळणारे. थंडीत भेगाळलेल्या टाचांना, फुटलेल्या ओठांना, भाजलेल्या बोटाला आमच्याकडे दुसरे औषध कोणी शोधले नाही.

मुठेलाविषयी मला कोणी काही शिकवू नये. मी या गावात उभा जन्म भाताची गिरण चालवली आणि हंगाम सरला की त्याच आवारात बियाही फोडून दिल्या. माझ्या कपड्यांना कोंड्याचा वास असे आणि हातांना मुठेलाचा. तरीही यंदाच्या वैशाखात, ज्या पदार्थावर माझा इतका विश्वास, त्याच पदार्थाची डबी हातात धरून एका तरुणाने जे सांगितले, ते ऐकून माझ्या पायांखालची जमीन सरकली.

जोयड्याला एका रिसॉर्टच्या आवारात बाहेरगावच्या पाहुण्यांना रानातले जिन्नस दाखवण्याचा कार्यक्रम होता. मला बोलावले होते ते जुना माणूस म्हणून, शोभेसाठी. तो तरुण बोलका होता. मुठेलाच्या मलमाच्या छोट्या छोट्या डब्या त्याने ओळीने मांडल्या होत्या. एक डबी उंच धरून तो म्हणाला, "यात एकही केमिकल नाही. का नाही, ते सांगतो. पूर्वी रामनगरात एक बाई घरी स्नो करायची, तोंडाला लावायचं क्रीम. त्यात ॲसिड घालायची. एका नवरीच्या हळदीत तिने ते पोरीच्या तोंडावर फेकलं. पोरगी जन्माची भाजली, लग्न मोडलं. तेव्हापासून आम्ही ठरवलं, आपलं मुठेलच बरं."

पाहुणे हळहळले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी नकळत स्वतःच्या गालाला हात लावला.

ती रामनगरची बाई म्हणजे माझी पत्नी इंदू. तिला जाऊन काही वर्षे झाली. बसस्टँडवर, पानपट्टीवर, लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट मी पूर्वी अनेकदा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी भांडलो आहे. पण ती तालुक्याच्या गावी, परक्या माणसांसमोर, माल खपवण्यासाठी सांगितली जाईल, आणि तिच्यावर माणसे अशी मान डोलावतील, असे माझ्या कल्पनेतही आले नव्हते. मी उठून उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, ती कोणी उचलली ते मला आठवत नाही.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे, आजोबा."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला? एक नाव सांगा."

"अहो, जुनी गोष्ट आहे ती."

"गोष्ट नव्हे. ते माझं घर आहे."

तो गडबडला. पोरगा वाईट नव्हता. त्याने डबी खाली ठेवली आणि सरळ मनाने विचारले, "मग खरं काय घडलं होतं, आजोबा?"

आणि मी, ज्याने आयुष्यभर वर्तमानपत्रांच्या संपादकांना पत्रे लिहून लिहून जेरीस आणले, तो मी तिथे गप्प राहिलो. सांगण्यासारखे नव्हते म्हणून नव्हे. इंदूने माझ्याकडून शब्द घेतला होता, की त्या मुलीची आई, रुक्मव्वा, जिवंत असेपर्यंत खरा प्रकार तोंडातून काढायचा नाही. रुक्मव्वा यंदाच्या माघात गेली. शब्द सुटला होता. पण जिचा चेहरा भाजला, ती शेवंता आजही जगलबेटला नांदते आहे. तिला विचारल्यावाचून तिच्या चेहऱ्याची गोष्ट चारचौघांत सांगणे माझ्या नीतीत बसेना. मी निघून आलो. परतीच्या बसमध्ये कोणाच्या तरी पोत्यातून भिरंडांचा तो गोड वास येत होता.

ऐंशीचे दशक सरत आले होते, तेव्हाचा तो उन्हाळा. काळी नदीवरच्या धरणाचे पाणी चढल्यावर बुडालेल्या सुप्याकडची घरेच्या घरे रामनगरात येऊन वसली होती. नव्या घरांच्या भिंतींना अजून पावसाचे डाग पडायचे होते. अंगणे होती, पण त्यांत झाडे नव्हती. माणसे परक्याच्या घरी कडेला बसावे तशी स्वतःच्याच ओसरीवर बसत. रुक्मव्वा त्यांतलीच. नवरा पूर्वीच गेलेला, एकुलती एक मुलगी शेवंता, आणि बाईचा स्वभाव असा की उपकार म्हणून कोणी तांदळाचा दाणा दिला तर ती बदल्यात दोन दाणे आणून ठेवील.

माझ्या इंदूचे माहेर कॅसलरॉकचे. वडील रेल्वेत. गाडीच्या वेळेवर जेवणारे, गाडीच्या वेळेवर झोपणारे घर ते. मोजून, वेळेवर आणि नीट करण्याची सवय तिने तिथूनच आणली होती. बेळगावात बायकांसाठी साबण आणि सौंदर्यप्रसाधने करण्याचा एक वर्ग चालला होता, तिथे ती जाऊन शिकून आली. येताना तिच्या हातात एक जाड पिशवी होती. आत पांढरे, चकचकीत, कुरकुरीत पापुद्रे. चिमटीत धरले की निसटत, कानाशी हलवले की सुक्या पानांसारखे वाजत. पिशवीवर नाव होते, स्टिअरिक ॲसिड.

मी म्हणालो, "घरात ॲसिड आणतेस?"

ती म्हणाली, "नावच तेवढं जहाल, तुमच्यासारखं. आत काही नाही." आणि माझ्या देखत तिने मूठभर पापुद्रे तळहातांत चोळून दाखवले. तिचे हात मेणाचे पॉलिश केल्यासारखे झाले, एवढेच.

आमच्या ओसरीवर गावातल्या पाच-सहा बायका जमू लागल्या. स्नो करण्याची रीत इतकी सुंदर होती, की मी गिरण पोरांवर सोपवून ती पाहत उभा राही. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात पापुद्रे वितळवायचे. बघता बघता ते पांढरेपण नाहीसे होऊन तिथे काचेसारखे स्वच्छ तेल दिसे. दुसऱ्या भांड्यात पाणी, ग्लिसरीन आणि अगदी जरासे कॉस्टिक पोटॅश, साबणात घालतात तो जहाल क्षार. दोन्ही सारखी गरम झाली की पाणी तेलात ओतायचे आणि घोटायचे. ओतल्याबरोबर स्वच्छ तेलात दूध फुटावे तसा पांढरा ढग उसळे. घोटता घोटता तो घट्ट होई, आणि निवला की त्यावर मोत्यासारखी झाक येई. शेवटी मोगऱ्याचा अर्क. बायका तो हाताच्या पाठीवर लावून एकमेकींच्या नाकाशी नेत.

"अगं बया, ह्यो तर दुकानातल्यापेक्षा भारी झालाय!"

"तुजा रंग बदलंल म्हनून बसू नको गे. वास तेवढा येनार."

"न्हवऱ्याला वास आला तरी बास झाला की!"

रुक्मव्वा या हसण्यात नसे. तिचे लक्ष पिशवीकडे असे. एकदा तिने पापुद्रा उचलला, दुसऱ्या हातात मुठेलाचा तुकडा धरला आणि दोन्ही उन्हात नेऊन पाहिले. "वैनी, ह्ये तर आमचं मुठेलच हाय की. त्येच पांढरं, त्येच टनक. बेळगावास्नं कशाला आनायचं?"

इंदू म्हणाली, "दिसाया सारखं हाय, रुक्मव्वा. पर बाईंनी सांगितलंय, स्नोला ह्येच लागतं. का, ते मला इचारू नको. मला न्हाई सांगता येत."

"मग साबनाला?"

"साबनाला मुठेल चालंल. करून बगू."

आणि साबण झाला. मुठेलाचा, टणक, थोडका फेस देणारा, अंगाला न ओरबाडणारा. माळ्यावरच्या फळ्यांवर त्याच्या वड्या महिनाभर मुरत पडल्या होत्या. तेव्हापासून रुक्मव्वेचा मान ओसरीवर वाढला. मुठेल कशालाही चालते, ही खूणगाठ तिने बांधली. जे साबणाला चालले, ते स्नोला का चालू नये, हा प्रश्न तिच्या जागी कोणालाही पडला असता.

उत्तर मला फार पुढे मिळाले. माझा एक भाचा धारवाडला रसायनशास्त्र शिकवतो. त्यानेही एकदा आपली एक कहाणी मला ऐकवली, की स्टिअरिक ॲसिडचे प्रमाण जास्त झाले असेल, मामा, त्याने भाजले. मी त्याला म्हटले, मूठभर आण आणि रात्रभर गालावर बांधून झोप. काही होत नाही. मग मी त्याच्याच पुस्तकांत डोके घातले आणि जे वाचले त्याने मी सुन्न झालो. मुठेलात जे असते त्यातला मोठा भाग म्हणजे हेच स्टिअरिक ॲसिड. फरक इतकाच, की पिशवीतल्या पापुद्र्यांत ते मोकळे असते आणि मुठेलात ते ग्लिसरीनशी जखडलेले असते. मोकळ्या ॲसिडला कॉस्टिक भेटले की दोघे एकमेकांना क्षणात धरतात आणि दोघांचाही जहालपणा संपतो. जखडलेल्याला सोडवायला मात्र कॉस्टिकला वेळ लागतो. साबणाला आपण महिनाभर तो वेळ देतो. स्नोला देत नाही. स्नो घोटला की लावला. मग ज्या कॉस्टिकला भांड्यात जोडीदार सापडला नाही, तो ते कातडीत शोधते.

म्हणजे ज्या पिशवीवर ॲसिड असे लिहिले होते, ती आमच्या घरातली सर्वांत निरुपद्रवी वस्तू होती. आणि शेवंताला हळदीच्या दिवशी लावलेल्या स्नोमध्ये ती नव्हतीच. नव्हती, म्हणूनच चेहरा भाजला. गावाची गोष्ट नेमकी उलटी आहे. हे मला कळले तेव्हा मी गिरणीच्या पट्ट्याजवळ उभा होतो, पट्टा फिरत होता, आणि मला त्याचा आवाज येईनासा झाला होता.

शेवंताचे लग्न खानापूरकडच्या एका घरात ठरले होते. हळदीच्या आधीच्या दिवसांत इंदूच्या वडिलांना बरे नसल्याचा निरोप आला आणि ती कॅसलरॉकला गेली. घराची किल्ली नेहमीप्रमाणे रुक्मव्वेकडे. मी गिरणीत. नवरीचा स्नो रुक्मव्वेने आमच्या ओसरीवर, आमच्याच भांड्यांत केला. मुठेल घालून. तो घट्ट होईना, फाटून पाणी वेगळे होऊ लागले, तेव्हा तिने आणखी कॉस्टिक टाकले. हे मी अंदाजाने सांगत नाही. भांड्यात जे उरले होते ते इंदूने पुढे बोटावर घेऊन पाहिले, ते चुरचुरले, आणि तिने ते मला दाखवले. मुठेलाचा वास मी अंधारातही ओळखीन.

हळदीच्या सकाळी आईने लेकीच्या तोंडाला तो स्नो लावला. लेक म्हणाली, चुणचुणते. आई म्हणाली, नवं हाय, जरा चुणचुणनारच. मग मांडवात पाटावर बसवले आणि सवाष्णींनी हळद लावायला घेतली. मी मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांच्या खुर्च्या लावत होतो. एकाएकी आतून बायकांचा गलका उठला. आनंदाचा. मी वळून पाहिले.

शेवंताच्या गालांवर हळद लाल झाली होती. पिवळी हळद बोटांखाली कुंकवासारखी लालभडक होत होती. जिथे हात फिरे तिथे लाल. हात, कोपर, पाय पिवळे, आणि चेहरा लाल. मी तसे दृश्य त्यापूर्वी पाहिले नव्हते, पुढेही पाहिले नाही.

"देवीनं कुक्कू लावलं गे!" एक म्हातारी ओरडली. "नशीबवान हाय पोरगी!"

"लाव की आनि! कपाळाला लाव!"

"अव्वा, आग हुतीया गे," शेवंता आईला म्हणत होती. तिचा आवाज त्या गलक्यात बुडत होता. "धुवूंदे मला. आग हुतीया."

"धुतात व्हय देवीचं कुक्कू?" आणि आणखी एक हात तिच्या गालावर फिरला.

हळदीला चुना लागला की कुंकू होते, हे त्या मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. चुना जे करतो तेच कॉस्टिक करते. पण समोर नवरी असली की माणसाला जे ठाऊक असते ते आठवत नाही.

त्याच वेळी इंदू लोंढ्याला रेल्वेतून उतरून, तिथून मिळेल त्या वाहनाने, पिशवी खांद्याला तशीच ठेवून मांडवात शिरली. ती दारात थबकली. मी तिचा चेहरा पाहिला. तिने लाल गाल पाहिले आणि माझ्या बायकोच्या तोंडावरचे रक्त उतरले. बायकांना दोन्ही हातांनी बाजूला ढकलून तिने नवरीच्या न्हाणाची घागर उचलली आणि भरल्या घागरीचे पाणी शेवंताच्या तोंडावर ओतले. मग दुसरी घागर. पोरगी किंचाळली. लाल पाणी पाटावरून, साडीवरून, मांडवाच्या मातीत वाहिले. इंदू ओरडत होती, "पानी आना! हात लावू नका तिला, पानी आना!" आणि मागे उभ्या असलेल्या माणसांनी, ज्यांना फक्त पाठी दिसत होत्या, इतकेच पाहिले, की गिरणीवाल्याची बायको धावत आली, तिने नवरीच्या तोंडावर काहीतरी ओतले आणि नवरी किंचाळली.

गोष्ट तिथे जन्मली. इंदूच्या घरात ॲसिड लिहिलेली पिशवी आहे, हे दुपारपर्यंत सगळ्या गावाला आठवले.

डॉक्टर म्हणाले, पाणी ओतले म्हणून डोळे वाचले. डावा गाल सावरला. उजव्या गालावरची कातडी गेली आणि तिथे आलेली नवी कातडी काळसर राहिली, पानाच्या आकाराची. खानापूरकडची मंडळी हॉस्पिटलच्या आवारात येऊन, सभ्यपणे बोलून, लग्न मोडून गेली. म्हणजे ज्या हातांनी त्या मुलीचे डोळे राखले, ते हात गावाने आरोपी ठरवले. हे सहन करण्याची माझी तयारी नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी चावडीवर जाऊन सगळे सांगणार होतो. इंदूने दाराशी अडवले.

"सांगायचं नाही."

"का? तुझं नाव खराब होतंय."

"होऊ दे."

"रुक्मव्वेने केलं ते तू का घ्यायचं?"

"तिच्याकडे ती एक पोरगी आहे. तेवढीच." ती शांतपणे म्हणाली. "रुक्मव्वा जिवंत आहे तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला, आणि त्या शब्दावर जन्मभर चडफडलो. ओसरी रिकामी झाली. पापुद्र्यांची पिशवी तिने तोंड बांधून माळ्यावर ठेवली; आत किती उरले होते ते मी कधी पाहिले नाही. पुढे कोणाच्या हळदीला तिला बोलावणे आले नाही, आणि आले तरी नवरीपासून दूर बसवले जाई. हळदीकुंकवाला ती गेली की एखादी बाई लेकराचे तोंड पदराने झाकी. ती हे सगळे पाही आणि घरी येऊन भात टाकी. मी मात्र भांडत राही. ज्याने ती गोष्ट सांगितली त्याच्याशी भांडे, पण खरे न सांगता भांडे, म्हणजे निव्वळ आवाज. इंदूला मी भित्री म्हणालो, भोळी म्हणालो, एकदा त्याहूनही वाईट म्हणालो. ती हसून म्हणे, "तुमचं झालं? मग जेवा."

जोयड्याहून परतल्यावर मी लिहायला बसलो. जे वर लिहिले आहे ते बहुतेक तसेच होते. आणि कागद घेऊन जगलबेटला गेलो.

शेवंता आता प्रौढ बाई आहे. नवरा जीप चालवतो, मुले कामाला लागली आहेत. तिच्या अंगणात भिरंडांचे ढीग होते आणि शेजारच्या चारपाच बायका फळे फोडत बसल्या होत्या. तिने मला ओसरीवर बसवले, पाणी दिले, आणि मी काय घेऊन आलो आहे ते सांगताच म्हणाली, "वाचा की, अण्णा. सगळं वाचा."

मी वाचू लागलो. ती खांबाला टेकून, उजवा गाल माझ्याकडे करून ऐकत होती. पापुद्रे संपले होते म्हणून रुक्मव्वेने मुठेल घातले, असे मी लिहिले होते. तिथे तिने हात वर केला.

"न्हाई, अण्णा."

"काय नाही?"

"पापुद्रे संपले न्हवते. पिशवी भरलेली व्हती. मी तिथंच बसल्याली."

मी चष्मा काढला. "मग का घातलं तिने?"

शेवंता म्हणाली, "सुपा सोडायच्या साली आमच्या परसातल्या झाडांची भिरंडं अव्वानं काढली व्हती. शेवटची. त्येचं मुठेल तिनं डब्यात बांधून ठेवल्यालं. कुनाला लावू द्यायची न्हाई. माझ्या टाचा फुटल्या तरी न्हाई. त्या दिशी तिनं डबा उघडला. म्हनाली, तुज्या लग्नात आपल्याकडचं कोन येनार गे? देऊळ पान्यात, अंगन पान्यात. ह्ये तेवढं वर ऱ्हायलंय. ह्येच तुज्या तोंडाला लागूंदे."

इतकी वर्षे मी त्या बाईला हट्टी मानत आलो होतो. चिकट मानत आलो होतो. माझ्या मनातली तिची कहाणीही गावाच्या कहाणीइतकीच ऐकीव निघाली होती.

"इंदूला हे ठाऊक होतं?"

"वैनींनी डबा बगितला की. रिकामा. त्यात काय असतंय ते त्येस्नी ठावं व्हतं, तवाच कळलं. हास्पिटलात मी बोलाय लागले, तर त्येंनी माझ्या ओठावर बोट ठेवलं."

"आणि तू गप्प बसलीस! इतकी वर्षं!" माझा आवाज चढला. अंगणातल्या बायका मान वर करून पाहू लागल्या. "माझ्या बायकोला लोक काय काय म्हणाले, तुझ्या कानावर येत नव्हतं?"

"येत व्हतं." तिने नजर चुकवली नाही. "पर अव्वा रोज सकाळी आदी माझ्या गालाकडं बगायची, मग चूल पेटवायची. रोज. तिच्या म्होरं कसं म्हनू, अण्णा? तुमीच सांगा."

इंदू गेली तेव्हा मी तिची राख काळी नदीत सोडून आलो, आणि तेव्हाही मला वाटत होते की ती भोळेपणाने हरली. तिने डबा पाहिला होता. तिने पुरते जाणून तो दोष उचलला होता, आणि तिच्या बाजूने सर्वांशी भांडणाऱ्या मला, तिला माझ्याहून अधिक काही ठाऊक आहे, असा संशयही आला नव्हता. ही माझ्या घरात, माझ्या ताटासमोर रोज बसणारी बाई होती.

"पुढे वाचू?" मी विचारले.

"वाचा."

मी पुढे वाचले. शेवटाकडे एक ओळ होती, की हा सगळा प्रकार म्हणजे रुक्मव्वेची चूक.

"त्येवढा शब्द काढा, अण्णा."

कोणाच्या सांगण्यावरून मी आजवर लिहिलेला शब्द खोडलेला नाही. संपादकांनीही तो प्रयत्न सोडून दिला आहे. मी म्हणालो, "शेवंता, चूक होती ती."

"व्हय. व्हती."

"मग?"

"तुमी म्हनू नका. मी म्हनीन."

ती उठली, ओसरीच्या कडेला गेली आणि अंगणातल्या बायकांना म्हणाली, "आयकलासा काय गे?"

फळे फोडणारे हात थांबले.

"माझं त्वांड माझ्या अव्वानं भाजलं. चूक झाली तिच्याकडनं. इंदूवैनींनी पानी वतलं, म्हनून डोळं ऱ्हायलं माझं."

मग त्यांच्यातली एक वयस्कर बाई, जी त्या हळदीला मांडवात होती आणि कोणाला किती वेळा ती गोष्ट सांगितली हे जिला स्वतःलाही आठवत नसेल, हळूच म्हणाली, "अगं पर आमी तर आयकलं व्हतं की…"

"आयकलं असशील. आता माझ्याकडनं आयक."

शेवंता पायरी उतरून त्यांच्यात जाऊन बसली. तिने ढिगातले एक फळ घेतले, फोडले, बिया वेगळ्या केल्या आणि सांगायला लागली. सुप्याच्या परसापासून तिने सुरुवात केली. मी ओसरीवर ऐकत बसलो. मध्ये एकदोन ठिकाणी तिचे चुकते आहे असे मला वाटले. मी बोललो नाही.